पाचवा पाय

पडली तर फुटेल, आणि फुटली तर मी सुटेन.

काचेची स्लाइड माझ्या दोन बोटांत होती आणि खाली सिमेंटची जमीन. सकाळचे सव्वानऊ झाले होते, प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या हातून एक काच निसटली तर तिला कोण काय म्हणणार? अरेरे म्हणतील, झाडू आणतील. अकरा वाजता येणारी पाहुणी हळहळेल आणि आल्या पावली परत जाईल. मी बोटं जरा सैल केली. स्लाइड घसरली, आणि मला न विचारताच अंगठ्याने ती पुन्हा घट्ट धरली. पस्तीस वर्षांची सवय. मन बेइमान झालं तरी बोटं ऐकत नाहीत.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. कुत्र्याला भिते, विजेच्या बटणाला भिते, अवेळी फोन वाजला तर दोनदा वाजू देते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीशी तो अकरा वर्षं आहे, आणि त्याची उंची एक मिलिमीटरसुद्धा नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. बोटीवरची माणसं समुद्रातून बारीक कापडाचं जाळं ओढतात आणि त्यात जे सापडेल ते फॉर्मालिनच्या बाटलीत भरून आमच्याकडे पाठवतात. उजेडात धरलं तर नुसतं गढूळ पाणी. मायक्रोस्कोपखाली मात्र त्यात हजारो जीव असतात, खसखशीच्या दाण्याहून लहान, पारदर्शक कवचाचे, लांब मिशांचे. त्यांना प्लवक म्हणतात. मी ते वेगळे करते, मोजते, त्यांची चित्रं काढते. शास्त्रज्ञ नव्हे, सहायक. शास्त्रज्ञ म्हणजे सर.

मी कामाला लागले त्याच आठवड्यात सर म्हणाले होते, "बाई, माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा, हे पायावरून. नराच्या पायांची पाचवी जोडी बघायची. बाकी सगळे एकाच साच्यातले."

पायांची ही पाचवी जोडी मादीला धरून ठेवायला असते, आणि प्रत्येक जातीची वेगळी, कुलपाच्या किल्लीसारखी. दोन सुयांनी ती धडापासून सोडवायची, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायची, वर काचेची चकती टेकवायची आणि कडा रंगहीन नेलपॉलिशने बंद करायच्या. माझ्या आयुष्यातलं सगळं नेलपॉलिश असं स्लाइडींना गेलं, नखांना एक थेंब लागला नाही.

माझ्या हातातल्या स्लाइडीवर लाल लेबल होतं. लाल म्हणजे मूळ नमुना. नवी जात सापडली की तिच्यातला एक प्राणी असा राखून ठेवतात, आणि जगात कुणालाही शंका आली की त्याने ह्या एका तुकड्याशी पडताळून बघायचं. संस्थेत सरांच्या नावावर ही एकच नवी जात. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांनी शोधलेले जीव मोजले, निवृत्तीला चार महिने उरले असताना त्यांना स्वतःचा एक मिळाला, आणि त्याला त्यांनी माझं नाव दिलं. माझ्या साध्या नावाला लॅटिन शेपूट लावून. शोधनिबंधाच्या शेवटी छापून आलंय, ज्यांच्या हातांवाचून हे काम झालं नसतं त्यांच्या सन्मानार्थ.

ज्यांच्या हातांवाचून! ते वाक्य मी एकदाच वाचलं, पुन्हा वाचायची हिंमत झाली नाही.

आमच्या ह्यांनी मात्र मी काढलेलं त्या प्राण्याचं चित्र चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं. हे शाळेची बस चालवतात. घरी कुणीही आलं की हे चित्राकडे बोट दाखवणार, "हिच्या नावाचा किडा आहे समुद्रात. तुमच्या बायकोच्या नावाचं काय आहे?" आज सकाळीही त्या चित्राखाली बसून चहा पिताना म्हणाले, "तोंड का असं करून बसलीस? परीक्षा तुझ्या किड्याची आहे, तुझी नाही." मी कप तसाच ठेवून उठले.

खाली काठीचा आवाज आला. सर आले होते.

मी स्लाइड पेटीत ठेवली आणि धावत जिन्यात गेले. आमची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, सतरा पायऱ्या. खाऱ्या हवेने कठडा पार गंजलेला, हात लावला की डुगडुगतो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सर वर येताना माझाच हात धरतात. आज त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी गुळगुळीत होती आणि हनुवटीखाली कापल्याची खूण होती.

"कठड्यावर माझा भरवसा नाही, बाई," ते नेहमीचं वाक्य बोलले, "ह्या हातांवर आहे."

प्रत्येक पायरीवर त्यांचं वजन माझ्या मनगटावर येत होतं. सांगून टाकावं, इथेच, जिन्यात, असं मला नवव्या पायरीला वाटलं. दहाव्या पायरीला ते म्हणाले, "झोपलो नाही काल. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपली जात बघायला येतंय." मी त्यांना पुढची पायरी चढवली.

त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मायक्रोस्कोप पुसत बसले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारीही मी ह्याच मायक्रोस्कोपपाशी होते. सत्तेचाळीस नंबरच्या बाटलीत एक नर सापडला होता, त्याच्या पाठीच्या शेवटच्या पेऱ्यावर एक खाच होती. सर हरखले. म्हणाले, "खाचेवर काही ठरत नाही. पाय सोडवा. पाचवा पाय वेगळा निघाला तर हे नवीन." मी पाय सोडवला. इतका सुरेख सुटला की मीच खूष झाले. आणि मग, सुई बदलताना, मी ती नेहमीच्या सवयीने टिपकागदाला पुसली.

पाय सुईच्या टोकाला चिकटलेला होता.

दोन तास मी तो टिपकागद इंच इंच मायक्रोस्कोपखाली बघितला. पाय मिळाला नाही. बाहेर व्हरांड्यात सर येरझाऱ्या घालत होते, दर थोड्या वेळाने दारातून विचारत होते, "झालं का, बाई?" जगात तसा एकच प्राणी हाती आलेला आणि मी त्याचा पाय कागदाला पुसून टाकला, हे त्या माणसाला कसं सांगणार? मी सत्तेचाळीस नंबरच्या बाटलीतून दुसरा नर काढला. त्याच मापाचा, त्याच रंगाचा. एकाच माळेचे मणी, पाय काही वेगळा नसणार, असं मी धरून चालले. त्याचा पाय सोडवला, थेंबात ठेवला, कडा बंद केल्या, पहिल्या नराचं धड शेजारी ठेवलं आणि आवाज दिला, "झालं, सर."

त्या पायाच्या टोकाला दुहेरी आकडा होता. तसा आकडा मी कधी बघितला नव्हता, सरांनीही नाही. त्यांनी डोळा नळीला लावला आणि कितीतरी वेळ हलले नाहीत. मग अगदी हळू म्हणाले, "बाई, हे नवीन आहे."

बोलायचं होतं ते तेव्हाच. त्यानंतरचा प्रत्येक दिवस उशिराचाच होता.

दुसऱ्या प्राण्याचं बिनपायाचं धड मला टाकवेना. पेराएवढ्या कुपीत ते घातलं, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकली: बाटली सत्तेचाळीस, तारीख, पाचवा पाय काढलेला. खोटं वागले, पण चिठ्ठी खरी लिहिली. चिठ्ठी न लिहिता काही ठेवायला मला जमतच नाही. ती कुपी माझ्या खणात, बटणांच्या डबीत आहे. दर वर्षी तिच्यात फॉर्मालिनचे दोन थेंब घालते, सुकू नये म्हणून. कुणाला कळू नये असं वाटणारी गोष्ट मी सुकूही दिली नाही, ह्याला काय म्हणावं?

अकरा वर्षांत खाच आणि दुहेरी आकडा दोन्ही असलेला प्राणी कुणालाच मिळाला नाही. सर अभिमानाने म्हणायचे, दुर्मिळ आहे. मला एकटीला माहीत होतं, तो दुर्मिळ नाही, तो नाहीच.

पाहुणी अकराला पाच कमी असताना आली. प्लवकांतली जाणकार म्हणून जिची पत्रं गेले दोन महिने येत होती, ती चष्मा लावलेली, करारी, पांढऱ्या केसांची कुणीतरी असेल असं मी धरलं होतं. दारात उभी होती ती फार तर तिशीची, खांद्यावर पिशवी, नाक सर्दीने लाल. तिनं छातीशी एक छोटी लाकडी पेटी धरली होती.

"आत येऊ ना?" तिनं विचारलं. सांगितल्याशिवाय खुर्चीवरही बसली नाही.

मी स्लाइड लावली, फोकस करून दिला. ती बघत असताना मी तिच्या मानेकडे बघत होते. आता म्हणेल, आता म्हणेल.

"पाय फार सुंदर लावलाय," ती म्हणाली.

सरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, जणू हे बक्षीस त्यांनाच मिळालं.

"पण सर," ती अडखळली, "माझ्याकडे पण एक नर आहे. एकच. त्याचा पाय ह्याच्यासारखाच आहे, तंतोतंत. दुहेरी आकडा आणि सगळं. धड मात्र वेगळंय. पाठीवर खाच नाही, शेपटी आखूड. मी दोन्ही घेऊन आलेय."

"मग पाय त्याचा नसेल," सर लगेच म्हणाले.

तिनं मान खाली घातली. "माझे परीक्षकही तेच म्हणतात. म्हणतात, तुझ्या हातून दोन प्राणी एकत्र झाले. मूळ नमुना छापलेला आहे, लाल लेबल आहे, तो कसा चुकेल? दोन वर्षं झाली, प्रबंध तिथेच अडकलाय. शेवटी मार्गदर्शक म्हणाले, जा, एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये आणि मग चूक झाली असं लिहून दे."

"तरुण वयात घाई होते," सर मऊपणे म्हणाले. त्यांना तिला दुखवायचं नव्हतं, पण मागेही हटायचं नव्हतं. "त्यात लाज नाही. आमच्या बाईंची गोष्ट वेगळी. पस्तीस वर्षं. ह्यांच्या हातून असं होणार नाही."

पाहुणीनं पेटीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. ही भीती मी ओळखते, रोज आरशात बघते.

"मला तर आता माझंच खरं वाटत नाही," ती माझ्याकडे वळून म्हणाली, सरांशी बोलायचं बळ संपल्यासारखी. "मॅडम, मला आठवत नाही हो काही चुकल्याचं. पण रोज वाटतं, असेल. कधीतरी नकळत सुई पुसली गेली असेल, पाय हरवला असेल, आणि मी घाबरून दुसऱ्याचा…"

ती पुढे काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. माझा गुन्हा, सुईसकट, टिपकागदासकट, ती पोर स्वतःच्या अंगाला लावून घेत होती. मी गप्प राहिले असते तर तिनं तो लिहूनही दिला असता, सही करून. आणि मी आणखी दोन वर्षांनी निरोपाचा हार घालून घरी गेले असते.

"तुमच्याकडून सुई पुसली गेली नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "माझ्याकडून गेली."

सर हसले. "बाई, पोरीला बरं वाटावं म्हणून उगाच कशाला…"

मी खण उघडला. बटणांच्या डबीतून कुपी काढली आणि टेबलावर दोघांच्या मधोमध ठेवली. पाहुणीनं ती उजेडात धरली, आतली चिठ्ठी वाचली, आणि सरांच्या हातात दिली.

सरांनी ती वाचली. चिठ्ठी बोटाच्या पेराएवढी, तरी त्यांना फार वेळ लागला.

"कुठे, किती खोलीवर ओढलं होतं ह्या बाटलीचं जाळं?" त्यांनी विचारलं.

"जुन्या धक्क्याच्या पलीकडे. वीस मीटरवर."

"आणि हे धड तेव्हापासून…"

"हो, सर."

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला. सगळा वेळ."

"हो, सर."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी त्यासाठी अकरा वर्षं तयारी केली होती. ते काठीवर भार देऊन उठले आणि मायक्रोस्कोपपाशी आले. मी कुपीतलं धड काचेच्या वाटीत काढून दिलं, आणि सवयीने फोकसच्या चाकाकडे हात नेला. त्यांनी माझा हात बाजूला केला. हलकेच, मनगटाला दोन बोटं लावून. इतक्या वर्षांत सरांनी स्वतः फोकस केला नव्हता. त्यांचा हात थरथरत होता, आतलं चित्र नक्कीच नाचत असणार. पण मी उभी राहिले आणि ते चाक फिरवत राहिले. पाहुणीनं तिचा प्राणी शेजारच्या मायक्रोस्कोपखाली लावला. सर ह्या नळीवरून त्या नळीकडे गेले, परत आले, पुन्हा गेले.

"खाच नाही," अखेर ते म्हणाले. "शेपटी आखूड. तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं."

माझं चुकलं म्हणाले, बाईंचं म्हणाले नाहीत. तेव्हा मला रडू आलं, पण मी आवरलं. ते रडणं त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

"आणि ती खाच?" त्यांनी पाहुणीला विचारलं. "ती तरी नवीन आहे?"

ती घुटमळली. "नाही, सर. जुन्या जातीत कधीतरी असे नर निघतात. मी तीन बघितलेत."

सरांनी मान हलवली. सुतावरून स्वर्ग गाठला होता, आता सूतही गेलं.

पाहुणीनं नाक पुसलं आणि घाईघाईने म्हणाली, "पण एक मार्ग आहे. नियमात बसतं. मूळ नमुन्यात दोन प्राण्यांचे भाग मिसळले असतील तर एक परका म्हणून वगळता येतो. कुठला ते आपण ठरवायचं. आपण धड वगळू आणि पाय ठेवू. म्हणजे जात नवीच राहील, नाव तेच राहील. माझी काही हरकत नाही. मॅडमचं नाव पुसलं जाणार नाही, सर, आणि तुमचंही."

खोटं कशाला बोलू, माझा जीव त्यात अडकला. भिंतीवरची चौकट डोळ्यांपुढे आली, तिच्याखाली चहा पिणारे हे आले. मी सरांकडे बघितलं. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. मला मदत करायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"बाटलीतून आधी काढलं ते धड," मी म्हणाले. "नवीन असेल असं सरांना वाटलं ते त्याच्याकडे बघून. पाय मी लावला. परका आहे तो पायच."

"मग नाव जाईल, मॅडम. धड जुन्या जातीचं आहे."

"जाऊ दे."

सर खिडकीपाशीच होते. पण त्यांनी एकदा मान खाली-वर केली. वर्गात उत्तर बरोबर आलं की मास्तर करतात तशी.

मूळ नमुन्यावर टीप जोडावी लागते. मी बारीक निबेचं पेन घेतलं आणि एवढ्याशा कागदावर लिहिलं: पाचवा पाय ह्या प्राण्याचा नाही. सत्तेचाळीस नंबरच्या बाटलीतल्या दुसऱ्या नराचा आहे. खाली तारीख, खाली माझं नाव, शेपटाशिवाय. अक्षर एकदाही हललं नाही. सरांनी त्याखाली सही केली, कागद लाल लेबलाच्या शेजारी चिकटवला, आणि पेटीचं झाकण स्वतः लावलं.

पाहुणी जाताना माझ्या पाया पडेल की काय अशी मला धास्ती वाटली. तिनं फक्त विचारलं, "माझ्याकडच्या नराचं चित्र तुम्ही काढून द्याल? मला तुमच्यासारखं जमत नाही."

मी सरांकडे बघितलं. ते टोपी शोधत होते. टोपी त्यांच्या हातातच होती.

"देईन," मी म्हणाले.

ती गेल्यावर ते निघाले. मी नेहमीसारखी पुढे होऊन वरच्या पायरीवर उभी राहिले आणि हात पुढे केला. सरांनी त्या हाताकडे बघितलं. मग काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने कठडा धरला. कठडा डुगडुगला. गंजाचा चुरा त्यांच्या इस्त्रीच्या बाहीवर पडला.

घरी जाऊन ह्यांना सांगायचं होतं, चौकट उतरवायची होती, त्याची भीती नंतर वाटली असती. आत्ता एवढीच होती की कठडा निसटेल आणि सर पडतील. ते एक पाय खाली ठेवायचे, दुसरा त्याच्याशेजारी आणायचे, श्वास घ्यायचे, मग पुढची पायरी. मी त्यांच्यामागे, एक पायरी वर, त्यांच्या कोपराच्या अगदी जवळ हात धरून, न लावता, सतराच्या सतरा पायऱ्या उतरले.